फेकीचा हात दुखावल्यावर: पुन्हा मैदानात उतरण्याचा क्रम

फेकीच्या खेळात हाताला दुखापत झाली की बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. दोन-तीन आठवडे हाताला आराम द्यायचा, दुखायचं थांबलं की मैदानावर जायचं, 'हळूहळू' फेकायला लागायचं आणि आठवडाभरात पूर्ण जोर लावायचा. मग हात पुन्हा धरतो आणि या वेळी जास्तच धरतो. वेदना सगळ्यात आधी निघून जाते. ताणलेलं लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा), सुजलेला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) आणि सुस्तावलेले स्नायू तिच्या बरेच मागे राहतात. बेसबॉलच्या पिचरचा, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याचा, खांदा चेंडू सोडताना आतल्या बाजूला ज्या वेगानं फिरतो, तो सेकंदाला सुमारे ७,००० अंश इतका मोजला गेला आहे. रोजच्या कामात न दुखणारा हात या वेगाला तयार आहे, असं मानायला काहीच आधार नाही.

पुढचा क्रम खांदा आणि कोपर या दोन्हींच्या दुखापतींना लागू पडतो. क्रिकेट, बेसबॉल, भालाफेक, हँडबॉल यांपैकी कोणताही खेळ असो, पहिले पाच टप्पे जवळपास सारखेच आहेत. शस्त्रक्रिया झाली असेल तर मात्र सर्जननं दिलेला तक्ता आधी पाळायचा. त्यात आणि इथे फरक दिसला तर तक्ता खरा माना.

## आधीची तयारी: निदान, वही, मोजमाप

'खांदा दुखतोय' हे निदान नव्हे. खांद्याच्या मागच्या बाजूला दुखणं, पुढे दंडाच्या वरच्या टोकाला दुखणं आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून किंवा खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या फिजिओकडून चार प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या. नेमका कोणता भाग दुखावला आहे? तो ताणला गेलाय की फाटलाय, आणि किती? कोणती हालचाल तूर्त पूर्ण बंद? पहिली फेक कोणत्या तारखेच्या आधी करायची नाही?

शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत. 'बरं वाटलं की सुरू करा' एवढ्यावर समाधान मानून घरी येतात आणि बरं तर चौथ्या दिवशीच वाटायला लागतं.

कालावधीचा ढोबळ अंदाज असा. स्नायू किरकोळ ताणला असेल तर काही आठवडे. कोपराच्या आतलं लिगामेंट अर्धवट फाटलं असेल आणि शस्त्रक्रिया टाळायची असेल तर साधारण सहा आठवडे ते तीन महिने फेक बंद. त्याच लिगामेंटची पुनर्रचना केली असेल तर पहिली हलकी फेक चार-पाच महिन्यांनी आणि पिचरला सामना एक वर्षानंतरच. दुसऱ्या कुणाच्या तारखा स्वतःला लावू नका. नीरज चोप्राच्या कोपरावर मे २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि जानेवारी २०२० मध्ये त्यानं ८७.८६ मीटर भाला फेकला, हे खरं आहे. पण त्याची दुखापत वेगळी, त्याच्यामागची माणसं वेगळी, आणि त्या आठ-नऊ महिन्यांत रोज काय झालं ते आपल्याला दिसलेलं नाही.

आता वही. मोबाइलमध्ये टिपलं तरी चालेल, पण टिपलं पाहिजे. रोज चार गोष्टी: आज काय केलं, किती फेकी आणि किती अंतर, करताना दुखणं शून्य ते दहापैकी किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर किती. चौथा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. फेकताना अंग गरम असतं, उत्साह असतो, त्या वेळी हात खरं सांगत नाही. तो सकाळी सांगतो.

थांबा, आधी डॉक्टर: पुढीलपैकी काहीही असेल तर या लेखातला एकही टप्पा सुरू करू नका. फेकताना 'टक्' असा आवाज येऊन हात निकामी झाल्यासारखा वाटला. करंगळी आणि अनामिकेत मुंग्या किंवा बधिरपणा आहे. कोपर मध्येच अडकतं किंवा पूर्ण सरळ होत नाही. खांदा निसटल्यासारखा वाटतो. रात्री कुशीवर नसतानाही ठणका लागतो. फेकल्यानंतर सगळा हात सुजून निळसर पडत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

लहान खेळाडूंसाठी: हाडांची वाढ पूर्ण व्हायच्या आधी हाडाच्या टोकाजवळचा वाढीचा भाग लिगामेंटपेक्षा कमकुवत असतो. मोठ्या माणसाचं लिगामेंट ताणलं जातं तिथे मुलाचा हा भाग दुखावतो. त्यामुळे वाढत्या वयातल्या मुलाचा खांदा किंवा कोपर फेकताना दुखत असेल तर फेक बंद आणि तपासणी, एवढंच. पुढचे आकडे मुलांसाठी नाहीत.

## टप्पा १: हात शांत करा, बाकीचं शरीर चालू ठेवा

या टप्प्यात फेक पूर्ण बंद. 'सहज हलकेच दोन-चार' हासुद्धा फेकीचाच प्रकार आहे. डॉक्टरांनी परवानगी दिलेल्या हालचाली मात्र रोज करायच्या, कारण हात गळ्यात बांधून ठेवला की खांदा आखडतो आणि मग महिना आखडलेपणा काढण्यातच जातो.

बर्फानं दुखणं कमी होतं. तंतू जुळून येण्याचं काम बर्फ करत नाही, तेव्हा त्याच्यावर फार विसंबू नका. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर घ्या, पण एक नियम आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहा: फेकीच्या किंवा व्यायामाच्या आधी गोळी नाही. आपण पुढचं प्रत्येक पाऊल दुखण्याच्या आकड्यावर ठरवणार आहोत. आकडाच खोटा असेल तर सगळा हिशेब कोसळतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तेच लागू. त्यानंतरच्या बिनदुखीच्या दिवसांवर भरवसा ठेवू नका. फेक कधी सुरू करायची ते इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.

याच काळात पाय, कंबर आणि पोटाचे स्नायू यांच्यावर भरपूर काम करता येतं, आणि करायलाच हवं. फेकीतली जवळपास निम्मी ताकद पायांतून आणि धडातून येते. खालचं इंजिन कमी पडलं की ती तूट खांदा-कोपर भरून काढतात, आणि अनेकांची मूळ दुखापत त्यातूनच आलेली असते. एका पायावरचं स्क्वॉट, कुशीवरचा प्लँक, नितंबांचे व्यायाम, खुब्याची आत-बाहेर फिरण्याची मोकळीक यांवर आठवड्यातून तीन दिवस द्या.

पुढे जाण्याआधी तपासा: विश्रांतीत दुखणं शून्य. कपडे घालणं, केस विंचरणं, दार ओढणं यांत दुखणं नाही. सूज नाही. एका पायावर सावकाश खाली बसताना गुडघा आत वळत नाही.

## टप्पा २: हालचाल परत आणा, पण मोजून

इथे उलट्या बाजूची चूक होते. उत्साही खेळाडू सापडेल तो स्ट्रेच करत सुटतो. चौकटीला हात लावून छाती पुढे ढकलणं, हात डोक्यामागे नेऊन ताणणं यानं खांद्याची पुढची बाजू आणखी सैल होते. फेकणाऱ्यांची ती बाजू आधीच सैल असते.

म्हणून आधी मोजा. पाठीवर झोपा. हात बाजूला खांद्याच्या रेषेत, कोपर काटकोनात, बोटं छताकडे. दुसऱ्या कुणीतरी खांदा वरून हलकेच दाबून धरायचा, म्हणजे तो जमिनीवरून उचलला जाणार नाही. आता पुढचा हात, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग, डोक्याच्या दिशेनं मागे जाऊ द्या आणि कोन मोजा. ही बाहेरची फिरकी. मग पायांच्या दिशेनं खाली आणा. ही आतली फिरकी. मोबाइलमधलं कोन मोजणारं ॲप मनगटाजवळ धरलं तरी काम भागतं. दोन्ही हातांचे आकडे घ्या.

फेकीच्या हाताची बाहेरची फिरकी जास्त आणि आतली कमी असणं ही वर्षानुवर्षांच्या सरावानं झालेली जुळवणूक आहे, आजार नाही. पाहायची ती बेरीज. दोन्ही हातांची एकूण बेरीज साधारण पाच अंशांच्या फरकात असेल तर आतल्या फिरकीसाठी झटू नका. बेरीज कमी आहे आणि आतली फिरकीही दुसऱ्या हातापेक्षा वीसएक अंशांनी कमी आहे, असं असेल तर खांद्याची मागची बाजू आखडलेली आहे. ती मोकळी करायला दोन स्ट्रेच पुरतात:

- हात छातीवरून आडवा नेणं. भिंतीला पाठ टेकून खवाटा जागेवर ठेवा, दुसऱ्या हातानं कोपर स्वतःकडे ओढा. तीस सेकंद, तीन-चार वेळा. सुरुवात यानंच करा, हा सौम्य आहे.
- कुशीवर झोपून. दुखऱ्या खांद्याच्या कुशीवर झोपायचं, कोपर काटकोनात खांद्यासमोर, दुसऱ्या हातानं मनगट जमिनीकडे हलकेच दाबायचं. ताण खांद्याच्या मागे जाणवला पाहिजे. पुढच्या बाजूला बोचलं तर सोडून द्या. जोर लावून हा स्ट्रेच सुधारत नाही, बिघडतो.

कोपराच्या दुखापतीत कोपर पूर्ण सरळ होतंय का ते रोज पाहा. बरीच वर्षं फेकणाऱ्यांच्या कोपराला जुना थोडासा बाक असू शकतो. पूर्वी किती सरळ होत होतं, ते जुन्या फोटोंवरून ताडून पाहा आणि तेवढंच लक्ष्य ठेवा. सरळ करण्यासाठी हातात वजन लटकवून झटके देऊ नका.

पुढे जाण्याआधी तपासा: बेरजेतला फरक पाच अंशांच्या आसपास. हात डोक्यावर नेताना खांदा कानाकडे उचलला जात नाही. ही दुसरी तपासणी आरशात नाही, मागून व्हिडिओ काढून करा.

## टप्पा ३: ताकद, तीही योग्य क्रमानं

छोट्या स्नायूंपासून मोठ्यांकडे जायचं. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे रोटेटर कफचे चार स्नायू आणि खवाटा हलवणारे स्नायू आधी. बेंच प्रेस आणि जड ओव्हरहेड प्रेस खूप नंतर, किंवा नाहीच.

सुरुवात अर्ध्या किलोच्या डंबेलनं किंवा हलक्या रबरी पट्ट्यानं. लाज वाटते, मान्य आहे. पण वजन जास्त झालं की कफ बाजूला राहतो आणि खांद्याचे, छातीचे मोठे स्नायू काम उरकून टाकतात. व्यायाम झाल्यासारखा वाटतो, कफला काहीच मिळत नाही.

१. कुशीवर झोपून, वरच्या हाताच्या कोपराखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, पुढचा हात छताकडे फिरवणं. तीन वेळा पंधरा. खाली येताना तीन सेकंद घ्या. फेक सुटल्यावर हाताला ब्रेक लावण्याचं काम याच स्नायूंचं असतं, म्हणून खाली सोडण्याचा भाग वर नेण्यापेक्षा मोलाचा आहे.

२. पालथं झोपून दोन्ही हात बाजूला उचलणं, अंगठे छताकडे. मग हात तिरपे डोक्याच्या पुढे नेऊन उचलणं. वजन नसलं तरी चालेल.

३. पट्ट्यानं रोइंग, म्हणजे वल्हं मारल्यासारखं स्वतःकडे ओढणं. खवाटे मागे आणि खाली. खांदे कानापाशी जात असतील तर पट्टा जड आहे.

४. भिंतीवरचे, मग टेबलावरचे, मग जमिनीवरचे पुश-अप्स, आणि वर आल्यावर पाठ किंचित गोल करून जमीन आणखी दूर ढकलणं. तो शेवटचा इंचभर धक्का खवाट्याला बरगड्यांवर धरणाऱ्या स्नायूसाठी आहे. लोक नेमका तोच गाळतात.

५. कोपराच्या दुखापतीत याच्या जोडीला मनगट वाकवण्याचे आणि तळहात खाली फिरवण्याचे व्यायाम हवेतच. पुढच्या हाताच्या आतल्या बाजूचे हे स्नायू कोपराच्या लिगामेंटवरचा ताण वाटून घेतात.

६. शेवटी, हात खांद्याच्या रेषेत आणि कोपर काटकोनात ठेवून पट्ट्याविरुद्ध आत आणि बाहेर फिरवणं. ही फेकीच्या जवळची स्थिती आहे. पहिले पाच व्यायाम बिनदुखीचे झाल्याशिवाय इथे येऊ नका.

एक दिवसाआड. किती आठवडे? दुखापतीवर अवलंबून, पण चार ते सहा आठवड्यांपेक्षा कमी वेळात ताकद खरी वाढत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत जे वजन हलकं वाटायला लागतं, ते बरंचसं सवयीनं.

पुढे जाण्याआधी तपासा: फिजिओकडे ताकद मोजण्याचं छोटं यंत्र असेल तर बाहेर फिरवण्याची ताकद आत फिरवण्याच्या ताकदीच्या किमान दोन-तृतीयांश, शक्यतो तीन-चतुर्थांश हवी. यंत्र नसेल तर साधी परीक्षा: पहिला व्यायाम एकाच वजनानं दोन्ही हातांनी थकेपर्यंत करा. दुखावलेला हात दुसऱ्याच्या आधी थांबत असेल तर तुम्ही अजून टप्पा ३ मध्येच आहात.

## टप्पा ४: सावकाश ताकदीकडून झटक्याकडे

थेट डंबेलवरून चेंडूवर उडी, ही या सगळ्या क्रमातली सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक. स्नायू सावकाश ओढायला शिकलेला असतो, अचानक ताण झेलून परत उसळायला नाही.

पहिले दोन आठवडे दोन्ही हातांनी, दोन किलोच्या आसपासचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू): छातीवरून भिंतीकडे, डोक्यावरून, आणि कंबर वळवून बाजूनं. पुढचे दोन आठवडे एका हातानं, अर्ध्या ते एक किलोचा बॉल: हात डोक्याच्या वर ठेवून भिंतीवर छोटे छोटे टप्पे, मग कोपर काटकोनात ठेवून कमी अंतरावरून भिंतीवर मारणं आणि झेलणं. प्रत्येकी दोन वेळा दहा ते पंधरा. पाय हलू द्या. भिंतीसमोर खांब होऊन उभं राहिलात तर सगळा भार खांद्यावर येईल.

पुढे जाण्याआधी तपासा: एका हाताची सत्रं दोन आठवडे झाली आणि एकाही सकाळी दुखणं दोनच्या वर गेलं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली तारीख उलटून गेली आहे. दोन्ही हवं, एक पुरणार नाही.

## टप्पा ५: फेकीचा कार्यक्रम

आता चेंडू. इथे संयम सुटतो, म्हणून हा भाग लांब आहे.

गरम होऊन फेका, गरम होण्यासाठी फेकू नका. अंगाला हलका घाम येईपर्यंत दहाएक मिनिटं धावणं, मग पट्ट्याचे हलके व्यायाम, मग अगदी जवळून काही अलगद फेकी. मोजणी त्यानंतर सुरू.

अंतरं साधारण अशी: १४, १८, २७, ३६, ४५ आणि ५५ मीटर. प्रत्येक अंतराचे दोन भाग, प्रत्येक भाग म्हणजे एक पायरी:

- भाग अ: २५ फेकी, पाच ते दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा २५.
- भाग ब: २५ फेकी तीन वेळा, मध्ये तशीच विश्रांती.

एक दिवसाआड, आठवड्यातून जास्तीत जास्त तीन दिवस. भाग अ नीट झाला तर पुढच्या वेळी भाग ब. तोही नीट झाला तर पुढचं अंतर. सगळं सुरळीत गेलं तरी या शिडीला किमान चार आठवडे लागतात, आणि सगळं सुरळीत कुणाचंच जात नाही. सहा ते आठ धरून चला.

फेक उंच कमानीची, चेंडू लक्ष्यापाशी पोचला म्हणजे झालं. एक टप्पा पडला तरी चालेल. उभ्या उभ्या फक्त हातानं फेकू नका. छोटी उडी घेऊन पाय लक्ष्याच्या रेषेत आणा आणि मग सोडा. क्रिकेट-बेसबॉलमध्ये तिला क्रो-हॉप म्हणतात. पाय जागेवर ठेवून फेकणं सोपं वाटतं, पण त्यात हाताचा वाटा वाढतो.

### 'निम्म्या जोरानं' या सल्ल्याचं काय करायचं

जवळजवळ प्रत्येक जण सांगतो: आधी पन्नास टक्के जोर, मग पंचाहत्तर, मग शंभर. ऐकायला तर्कशुद्ध आहे. पण पिचरना निम्म्या जोरानं फेकायला सांगून चेंडूचा वेग मोजला, तेव्हा तो पूर्ण वेगाच्या सुमारे ८५ टक्के भरला. खेळाडू खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच निम्मा वाटत होता. फेकीची हालचाल अंगात इतकी मुरलेली असते की अंदाजावर जोर कमी करता येत नाही.

म्हणून जोर अंतरानं आवरा. १४ मीटरवर कमानीची फेक करताना फार जोर लावताच येत नाही. वेग मोजणारी गन मिळाली तर उत्तम, मग टक्केवारीला अर्थ येतो. नाहीतर टक्के विसरा.

आणि याच कारणानं, 'आज मस्त वाटतंय, एक लांब टाकून बघू' हे बंद. जास्तीत जास्त लांब फेकताना कोपरावर येणारा ताण पिचरच्या पूर्ण जोराच्या फेकीइतका किंवा त्याहून अधिक असू शकतो. लांब फेक म्हणजे सौम्य फेक, हा गैरसमज फार जणांना महागात पडला आहे.

### दुखलं तर: पुढे, जागेवर की मागे

आधी कोणतं दुखणं ते ओळखा. दंडात, खवाट्याच्या मागे, पुढच्या हाताच्या मांसल भागात पसरलेला शिणवटा हा कामाचा आहे आणि तो येणारच. सांध्याच्या आत किंवा एका बोटानं दाखवता येईल अशा जागी आलेली कळ वेगळी. फेक सुटताना सर्रकन चमक गेली तर सत्र तिथेच संपलं, कितव्याही फेकीला असलात तरी.

शिणवट्यापलीकडच्या दुखण्यासाठी हे नियम वहीत चिकटवून ठेवा:

- काहीच दुखलं नाही: एक पायरी पुढे.
- सुरुवातीला दुखलं, पण पहिल्या पंधरा फेकींत निघून गेलं: मागच्या सत्राचीच पायरी पुन्हा करा. मध्येच परत दुखायला लागलं तर थांबा, दोन दिवस सुट्टी, मग एक पायरी खाली.
- पहिल्या पंधरा फेकींनंतरही दुखतच राहिलं: लगेच थांबा, दोन दिवस सुट्टी, मग एक पायरी खाली.
- फेकताना ठीक होतं, पण नंतर तासाभरापेक्षा जास्त किंवा दुसऱ्या दिवशी दुखलं: एक दिवस जास्तीची सुट्टी, मग तीच पायरी पुन्हा.

हे नियम वाचायला सोपे आणि पाळायला अवघड आहेत, कारण तिसऱ्या नियमानुसार पंधराव्या फेकीनंतर घरी जावं लागलं तर मित्रांसमोर कसंतरी होतं. पायरी ठरवण्याचं काम शक्य असेल तर दुसऱ्याकडे द्या. प्रशिक्षक, फिजिओ, घरचं कुणी. ज्याला तुमच्या सामन्याची घाई नाही असं कुणीही.

ताकदीचे व्यायाम थांबवायचे नाहीत. ते फेकीच्या दिवशीच, पण फेकीनंतर करा. आधी केले तर थकलेल्या कफवर फेकाल. सुट्टीच्या दिवशी केले तर सुट्टी राहतच नाही.

### व्हिडिओ

दुखावलेला माणूस नकळत हात राखून फेकतो. कोपर खांद्याच्या रेषेखाली येतं, फेक बाजूनं जायला लागते, धड लवकर उघडतं, म्हणजे छाती वेळेआधीच लक्ष्याकडे वळते. त्या क्षणी दुखत नाही, पण भार नव्या जागी जातो. आठवड्यातून एकदा बाजूनं आणि मागून सावकाश गतीचा व्हिडिओ घ्या आणि दुखापतीआधीच्या व्हिडिओशेजारी ठेवून पाहा. पुढचा पाय टेकतो त्या क्षणी चित्र थांबवा: कोपर खांद्याच्या उंचीला आहे का? पाय लक्ष्याच्या रेषेत पडलाय का? दोन्हींचं उत्तर 'हो' नसेल तर पुढचं अंतर नाही.

## टप्पा ६: तुमच्या खेळाची फेक

क्रिकेट. टेनिस बॉलनं शिडी चढून एकदम लेदर बॉल घेऊ नका. लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, टेनिस बॉल त्याच्या निम्म्याहूनही हलका. चेंडू बदलला की दोन अंतरं खाली या. ४५ मीटर जमल्यावर धावत येऊन उचलून फेकणं, मग वळून फेकणं, आणि तोल गेलेल्या स्थितीतून स्टंपवर मारणं सगळ्यात शेवटी. गोलंदाजाची गोलंदाजी वेगळी मोजा, पण हात एकच आहे: भरपूर षटकं टाकली त्या दिवशी लांब थ्रोचा सराव नको.

बेसबॉल. पिचरनं आधी सपाट जमिनीवरून, मग माउंडवरून (पिचर ज्यावरून फेकतो तो उंचवटा). आधी सरळ वेगवान चेंडू (फास्टबॉल), मग तशाच हालचालीनं टाकलेला संथ चेंडू (चेंज-अप), वळणारे चेंडू शेवटी.

भालाफेक. वरची २५-२५ ची मोजणी भाल्याला लावू नका; पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा आणि महिलांचा ६०० ग्रॅमचा असतो. शिडी हलक्या चेंडूनं पुरी करा, मग हलका भाला घेऊन जागेवरून बारा-पंधरा फेकी, त्याही जमिनीत जवळच्या खुणेवर रोवण्यासाठी. मग तीन पावलं, पाच पावलं, अर्धा रनअप, पूर्ण रनअप. पूर्ण वजनाचा भाला आणि रनअप दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नका. भाल्याची शेपूट बाहेर भरकटत असेल तर कोपरावर आडवा ताण येतोय असं समजा आणि रनअप कमी करा.

हँडबॉल. जमिनीवरचा शॉट, मग धावता, मग उडी मारून. समोर बचाव करणारा सगळ्यात शेवटी आणा, कारण मागे गेलेला हात कुणी अडवला की खांद्याला बसणारा हिसका कुठल्याही फेकीपेक्षा वाईट असतो.

सगळ्यांना लागू असा नियम एकच: अंतर, संख्या, जोर, चेंडूचं वजन, धाव यांपैकी एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची. दोन वाढवल्या आणि दुखलं, तर कशानं ते कळणार नाही.

## टप्पा ७: सामना

सामन्याचा दिवस हा सरावाचा दिवस नसतो. वाट पाहण्यात हात थंड पडतो, मग एकदम पूर्ण जोराची फेक लागते. म्हणून सामन्याआधी दोन आठवडे पूर्ण सराव बिनदुखीचा झालेला हवा, आणि त्यात किमान दोनदा सामन्यासारखी परिस्थिती तयार करून पाहा: वीस मिनिटं बसा, उठा, थोडक्यात हात गरम करा, पूर्ण जोरात फेका.

पहिल्या सामन्यांत मर्यादा आधी ठरवा आणि कर्णधाराला किंवा प्रशिक्षकाला सांगा. क्षेत्ररक्षकानं सीमारेषेऐवजी आतल्या वर्तुळात उभं राहावं. भालाफेकपटूनं सहाही फेकी करण्याचा हट्ट सोडावा. पिचरनं ठरलेल्या संख्येवर थांबावं, डाव रंगात असला तरी. लागोपाठ दोन दिवस पूर्ण जोराची फेक पहिला महिना नको.

आजारपण, परीक्षा, पाऊस यानं आठवडाभर फेक बंद राहिली तर एक पायरी खालून सुरुवात करा. दोन आठवडे गेले तर दोन अंतरं खालून. कफ आणि खवाट्याचे व्यायाम हंगाम चालू असतानाही आठवड्यातून दोनदा करायचेच. ते सोडले की काही आठवड्यांत टप्पा ३ ची परीक्षा पुन्हा नापास व्हाल, आणि हे फेकताना लगेच लक्षात येत नाही.

एकाच पायरीवर तीनदा मागे यावं लागलं तर चौथ्यांदा प्रयत्न करू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कोणत्या अंतरावर, कितव्या फेकीला, हाताच्या कोणत्या स्थितीत, बोटानं दाखवता येईल अशा कोणत्या जागी दुखतं ते दाखवा. 'अजून दुखतंय' एवढंच सांगितलंत तर बहुधा पुन्हा विश्रांतीच मिळेल. ही नोंद समोर ठेवलीत तर निदान तपासून पाहता येईल.